कार्दामिली: होमरच्या यादीतलं गाव पायी कसं बघावं

ट्रॉयच्या युद्धात रुसून बसलेल्या अकिलीस या वीराची समजूत काढण्यासाठी ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन सोनं, घोडे असं बरंच काही देऊ करतो, आणि वर सात गावंही. सगळी समुद्रकाठची. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या नवव्या सर्गात त्या गावांची यादी येते आणि तिच्यातलं पहिलंच नाव आहे कार्दामिली. ते गाव आजही आहे आणि त्याच नावाने ओळखलं जातं. ग्रीसच्या दक्षिण टोकाला पेलोपोनीज या द्वीपकल्पाची तीन बोटं समुद्रात शिरलेली दिसतात. त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. मानीच्या पश्चिम किनाऱ्यावर, पाठीशी ताइगेतोसचा डोंगर आणि पुढ्यात मेसिनियाचं आखात, अशा जागी कार्दामिली वसलंय.

इथे येणारे बरेच जण गाडी लावतात, बंदरावर जेवतात, दोन फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. तसं करू नका. किमान चार रात्री राहा आणि गाव पायी बघा. त्याला कारण आहे. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियास लिहून गेलाय की कार्दामिली समुद्रापासून आठ स्तादिया आत आहे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर. गाव वर होतं आणि किनारा खाली. आज जिथे आपण कॉफी पितो ते गाव त्या मानाने अलीकडचं. समुद्रापासून टेकडीपर्यंतचं हे दीड किलोमीटर अंतर चाललात की तीन हजार वर्षांचं कार्दामिली पायाखालून जातं. गाडीतून ते कळत नाही.

कधी जायचं

मे महिन्याचा मध्य ते जूनअखेर, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे. दोन्हीतलं एक निवडायचं तर मी सप्टेंबर निवडेन. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा छान कोमट असतो आणि गर्दी ओसरलेली असते. डोंगर चढायचा हेच मुख्य असेल तर मात्र मे. रानफुलं तेव्हा असतात आणि ताइगेतोसच्या माथ्यावर कधीकधी बर्फाचे पट्टेही दिसतात. हा डोंगर २४०० मीटरच्या वर जातो, त्यामुळे पोहून बाहेर आल्यावर मान वर केली की बर्फ, असं दृश्य इथे खरंच बघायला मिळतं.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन कडक असतं, पायवाटांवर सावली कमी असते आणि १५ ऑगस्टला मेरी मातेचा मोठा सण असल्याने अख्खा ग्रीस सुट्टीवर असतो. नोव्हेंबरपासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडांखाली जाळ्या पसरलेल्या, गिरण्या चालू, हवेत ताज्या तेलाचा वास. गाव तेव्हा खऱ्या अर्थाने कामात असतं, पण बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद होतात. ते चालणार असेल तरच हिवाळ्यात जा.

व्हिसा आणि कागदपत्रं

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. प्रत्यक्षात दोन-तीन महिने आधी करा, कारण भेटीची वेळ मिळायलाच दिवस जातात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. आपला परवाना आणि हा, दोन्ही जवळ ठेवा.

पोचायचं कसं

मुंबईहून अथेन्सला थेट विमान मिळतंय का ते आधी बघा. नसेल तर दोहा, दुबई, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे जा. अथेन्स विमानतळाच्या बाहेर पडलात की एक्स ९३ क्रमांकाची बस पकडा. ती थेट किफिसोस बसस्थानकावर नेते. पेलोपोनीजकडच्या बस तिथून सुटतात. तिथून कालामाताची बस घ्यायची. आपल्या कानाला हे नाव ऐकून जरा दचकायला होतं, पण देवीचा आणि त्याचा काही संबंध नाही. काळ्या ऑलिव्हमुळे जगभर गेलेलं हे शहर आहे. अथेन्सहून तिथपर्यंत अंतर सुमारे २४० किलोमीटर, बसने तीन तासांच्या आसपास.

खरी काळजी पुढच्या टप्प्याची. कालामाताहून कार्दामिली सुमारे ३५ किलोमीटर, वळणावळणाचा तासाभराचा रस्ता. मानीकडे जाणाऱ्या बस दिवसाला मोजक्याच असतात आणि रविवारी त्याहून कमी. म्हणून आधी ही शेवटची बस कधी आहे ते बघा आणि त्यावरून मागचं सगळं ठरवा: अथेन्सची बस, विमान, सगळं. उलटं केलंत तर कालामातात रात्र काढावी लागेल. तशी वेळ आलीच तर हरकत नाही, शहराला चांगला लांबलचक किनारा आहे. टॅक्सीचाही पर्याय आहे, तिघं-चौघं असाल तर परवडतो.

बसमध्ये उजवीकडची खिडकी धरा. कालामाता सोडल्यावर समुद्र त्याच बाजूला येतो. मग रस्ता आत वळतो, डोंगरात शिरतो आणि कोस्कारास नावाच्या खोल घळीवरचा पूल ओलांडतो. त्यानंतर शेवटच्या उतारावर एकदम खाली कार्दामिली दिसतं. सुरूची काळपट उभी झाडं, दगडी घरं, आणि किनाऱ्यापासून जरा आत मेरोपी नावाचं चिमुकलं बेट.

गाडी लागणार का? कार्दामिलीपुरतं नाही. पुढे मानीच्या टोकापर्यंत जायचं असेल तर दोन दिवसांपुरती घ्या. तिथे गाडी उजव्या बाजूने चालवतात आणि गावातले रस्ते इतके अरुंद असतात की समोरून बस आली की कोणाला तरी मागे जावं लागतं.

राहायला जागा निवडताना

बुकिंग करताना नकाशा उघडा आणि जागा गावात आहे, रित्सा किनाऱ्याकडे आहे की वरच्या वाडीत, हे नीट बघा. 'कार्दामिली' असं लिहिलेली जागा कधीकधी चार-पाच किलोमीटर लांबची निघते, आणि गाडी नसेल तर रात्री तिथपर्यंत चालत जाणं त्रासाचं. मुख्य रस्त्यावरच्या खोल्यांना उन्हाळ्यात रहदारीचा आवाज येतो, म्हणून रस्त्याकडे पाठ असलेली खोली मागा. स्वयंपाकाची छोटी सोय असलेल्या खोल्या इथे भरपूर मिळतात. लहान मुलं किंवा कडक शाकाहारी माणूस सोबत असेल तर तशीच घ्या. खोलीच्या दर्जानुसार रोजचं एक सरकारी शुल्क वेगळं भरावं लागतं, एप्रिल ते ऑक्टोबर ते जास्त असतं. ते ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात धरलंय का, हे आधीच विचारून ठेवा.

गावाचा दिनक्रम अंगवळणी पाडा

डोंगर पूर्वेला असल्यामुळे इथे ऊन उशिरा पोचतं. बाहेर उजाडलेलं असतं, पण ताइगेतोसवरून सूर्य डोकावेपर्यंत गाव सावलीत असतं. चालायला निघायचं ते याच वेळी. बेकरी उघडते, पालक भरलेली पाई घ्या, पाण्याच्या बाटल्या भरा आणि निघा.

दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं. वामकुक्षी ही आपल्याला शिकवायला नको, पण इथे ती फार मनावर घेतात. उन्हाळ्यात या वेळेत शांतता पाळण्याचा नियमच आहे. मोठ्याने गाणी लावणं, अंगणात मुलांचा दंगा, कोणाच्या दारावर थाप, हे टाळा. या काळात पोहावं किंवा आपणही झोपावं. संध्याकाळी गाव पुन्हा जागं होतं आणि रात्रीचं जेवण नऊच्या आधी फारसं कोणी घेत नाही.

पहिल्या संध्याकाळी काही ठरवू नका. जुन्या बंदराकडे जा. किनाऱ्यालगत एका बंद पडलेल्या साबण कारखान्याचं धुराडं उभं आहे. या भागातल्या ऑलिव्ह तेलाचा एक भाग तिथे साबण व्हायचा. धक्क्यावर बसा. गाव पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य आखातापलीकडच्या मेसिनियाच्या किनाऱ्यामागे बुडतो आणि डोंगर मागून लाल होत जातो. दोन्हीकडे बघायचं असतं, त्यामुळे मान सारखी वळत राहते.

समुद्रापासून टेकडीपर्यंत

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी. वेळ दोन ते अडीच तास, सोबत माणशी दीड लिटर पाणी, पायात चपला नव्हे तर बूट.

मुख्य रस्त्यावरून जुन्या कार्दामिलीची पाटी दिसते. दहा मिनिटांत एका तटबंदीच्या वाड्याशी पोचता. हा मुर्त्झिनोस घराण्याचा मनोरा. मानीत घराणी एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर धरून होती, म्हणून घरं अशी: जाड भिंती, वर इवल्या खिडक्या, खाली जवळजवळ काहीच नाही. शेजाऱ्यापासून बचाव करायला बांधलेलं घर कसं असतं ते इथे बघावं. जानेवारी १८२१ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी थेओदोरोस कोलोकोत्रोनिस परागंदा अवस्थेतून गुप्तपणे मानीत परतला आणि मुर्त्झिनोसच्या आश्रयाला राहिला. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, २३ मार्चला, मानीच्या फौजा कालामातात शिरल्या आणि ते शहर तुर्कांच्या हातून सुटलं. त्या युद्धाचं एक टोक असं या वाड्यात आहे. मनोऱ्यात आता मानीविषयी छोटं संग्रहालय आहे. उघडण्याचे दिवस आणि वेळा आदल्या दिवशी गावात विचारून घ्या.

शेजारीच संत स्पिरिदोनचं अठराव्या शतकातलं चर्च. त्याचा घंटेचा मनोरा निमुळता होत वर जातो. खिडक्यांच्या चौकटींभोवतीचं संगमरवरी कोरीव काम जवळ जाऊन बघा. बोटभर खोलीची नक्षी, कडा पावसाने गोलसर झालेल्या. दुपारच्या तिरक्या उन्हात ती उठून दिसते.

बहुतेक लोक इथून परततात. तुम्ही चर्चमागची पायवाट धरा. थोडं चढून गेलं की वाटेच्या कडेला खडकात कोरलेल्या दोन कबरी दिसतात, शेजारीशेजारी, जेमतेम माणूस मावेल एवढ्या. गावकरी त्यांना कास्टर आणि पॉलिड्यूसिस या जुळ्या भावांच्या कबरी म्हणतात. हे दोघे म्हणजे जिच्यामुळे ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनचे भाऊ. ही दंतकथा, पण कबरी खऱ्या आणि प्राचीन. वरच्या अंगाला प्राचीन नगराचा बालेकिल्ला होता. आज तिथे मोठे खांब-मंदिरं उभी नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर निराशा होईल. खडकात खोदलेल्या पायऱ्या, सपाट केलेले कट्टे, मधूनमधून घडीव दगड एवढंच. पण मागे वळून बघा: खाली गाव, बंदर, बेट. पाउसानियासने मोजलेले ते आठ स्तादिया डोळ्यांसमोर असतात. त्याने इथलं अथेनाचं देऊळ नोंदवलंय, अपोलोचंही, आणि समुद्राजवळ नेरेउस या समुद्रदेवाच्या कन्यांचं पवित्र स्थानही. अकिलीसचा मुलगा पिरस लग्नासाठी स्पार्टाला निघाला होता, त्याला बघायला त्या जलकन्या समुद्रातून वर आल्या, अशी इथली समजूत होती.

वाट पुढे दगडी फरसबंदीची होते. हे 'कालदेरिमी', खेचरांसाठी बांधलेले जुने रस्ते. आपल्या घाटातल्या जुन्या पाखाड्या आठवाव्यात. वर आया सोफियाचं चर्च येतं. तिथे सावली आहे, बसा, पाणी प्या. मग पेत्रोवूनी वाडीतून दुसऱ्या वाटेने उतरत गावात या. खुणा झाडांवर आणि दगडांवर रंगवलेल्या असतात. पंधरा मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपाशी परत जा, पुढे रेटू नका.

वाटेत खापराचे तुकडे दिसतील. एकही उचलू नका. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे, आणि 'छोटासाच होता' हे कारण विमानतळावर चालत नाही.

व्हिरोसची घळ, दम असेल तर

गावाच्या उत्तर अंगाने व्हिरोस नदीचं पात्र येतं. उन्हाळ्यात ते कोरडं ठणठणीत, पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं. प्राचीन काळी स्पार्टाकडून समुद्राला येणारी वाट या घळीतून होती, असं मानलं जातं. पात्रातून चालत गेलात की सोतिरोस हा जुना मठ लागतो आणि त्याहून आत लिकाकी. दोन्ही आता निर्मनुष्य.

मी पहिल्यांदा या घळीत सकाळी अकराला, एक बाटली पाणी घेऊन शिरलो. अंतर थोडं होतं, म्हणून हलक्यात घेतलं. पण गोट्यांवर प्रत्येक पाऊल घसरतं, दोन्हीकडचे पांढरे कडे ऊन परतवतात, आणि तासाभरात घोटे बोलायला लागले. मठाच्या भिंतीच्या हातभर सावलीत बसून उरलेलं पाणी घोटाघोटाने प्यायलो आणि परत फिरलो. सात वाजता निघा, दोन लिटर पाणी घ्या, एकट्याने जाऊ नका. डोंगरावर ढग दिसत असतील तर पात्रात मुळीच उतरू नका. वर पाऊस पडला की हे कोरडं पात्र पाहता पाहता वाहू लागतं.

किनारे

वाळूचे किनारे मनात धरून येऊ नका. कार्दामिलीचे किनारे गोट्यांचे आहेत. त्यामुळे पाणी इतकं नितळ असतं की गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं दिसतात. पाण्यात घालायचे रबरी बूट भारतातूनच न्या. खडकांवर समुद्री अर्चिन असतात, त्यांचा काटा पायात मोडला तर सुट्टीचे दोन दिवस जातात.

रित्सा हा सर्वांत जवळचा, गावाच्या उत्तरेला, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. लांब, मोकळा, मागे खानावळी. लाट मागे सरकते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवरून घरंगळतात आणि तांदूळ सुपात पाखडल्यासारखा आवाज येतो. रात्री खोलीतही तो ऐकू येतो.

दक्षिणेला कालामित्सी, दीड-दोन किलोमीटरवर. कड्यांच्या कुशीतला, सुरू आणि ऑलिव्हच्या झाडांत दडलेला. जवळच लेखक पॅट्रिक ली फर्मर यांनी १९६० च्या दशकात बांधलेलं घर आहे. त्यांनी ते बेनाकी संग्रहालयाला देऊन टाकलं. आधी नाव नोंदवून, ठरावीक वेळीच ते आतून बघता येतं. दगडी कमानी आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्यांसाठी वेळ काढावाच.

त्यापुढे देल्फिनिया आणि मग, गावापासून चारेक किलोमीटरवर, फोनेआस. या नावाचा अर्थ 'खुनी', पण जागा मात्र अत्यंत देखणी: दोन कड्यांमधली छोटी खाडी, पांढरे गोटे आणि पाण्याच्या तोंडाशी एक मोठा खडक. सकाळी नऊच्या आत पोचलात तर बहुधा तुम्हीच असाल. तिथपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत जाणं मात्र टाळा, वळणांवर गाड्यांना माणूस दिसत नाही.

सोबत लहान मुलं असतील आणि वाळूच हवी असेल तर आठेक किलोमीटरवर स्तूपा गाव आहे. तिथल्या कालोग्रिया किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे गार झरे वर येतात. कोमट पाण्यात पोहताना पोटाला अचानक बर्फासारखा पट्टा लागतो. ग्रीक लेखक निकोस काझान्ताकिस १९१७ साली योर्गोस झोर्बास (त्यांच्या 'झोर्बा द ग्रीक' कादंबरीचा नायक याच्यावरूनच घडला) याच्यासोबत जवळच्या प्रास्तोव्हाला लिग्नाइटची खाण चालवत होते, तेव्हा ते याच किनाऱ्याजवळ राहत.

शाकाहारी माणसाचं जेवण

या बाबतीत ग्रीस आपल्याला युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा सोपा जातो. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षातले कित्येक दिवस असतात आणि त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं, हा शब्द प्रत्येक खानावळीत कळतो. एक सावधगिरी: त्यांच्या उपासाला कालवं, कोळंबी, माकूळ चालतं. म्हणून पुढे 'होरीस थालासिना', म्हणजे समुद्रातलं काही नको, असंही सांगा.

'लादेरा' नावाखाली तेलात शिजवलेल्या भाज्या मिळतात: फरसबी, भेंडी, वांगी. 'गिगान्तेस' म्हणजे टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे वाल. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, पण त्यात 'किमास' आहे का ते विचारा. हा आपला खिमाच, शब्द तुर्कीतून तिकडेही गेला आणि इकडेही आला. उन्हाळ्यात 'व्लिता' मागवा. उकडलेली पालेभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. ती माठ-तांदुळजाच्या कुळातली आहे आणि पहिल्या घासालाच ओळख पटते. फोडणी नसल्याने दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग तिखट-मीठ न शोधता ताट रिकामं होतं.

मानीचं स्वतःचं असं काय? 'लालांगिया', म्हणजे कणकेच्या दोऱ्या वळून तेलात तळलेला पदार्थ. गरम असताना खा. खारट 'स्फेला' चीज मेसिनियाचं. आणि कोरोनेइकी जातीच्या बारीक ऑलिव्हचं तेल, जिभेला किंचित कडू आणि घशात तिखट. ताजं असल्याची ती खूण आहे. घरी न्यायचं तर पत्र्याच्या डब्यातलं घ्या आणि चेक-इन बॅगेत भरा.

जाता जाता उपयोगी

'ने' म्हणजे होय. आपल्या कानाला हा उलटाच वाटतो, पहिल्या दिवशी गोंधळ होतोच. नाही म्हणजे 'ओही'. पण बरेचदा ते तोंडाने काही न बोलता भुवया उंचावून 'च्च' करतात, आणि तो नकार आपल्याला लगेच समजतो. 'कालिमेरा' आणि 'एफ्हारिस्तो', सुप्रभात आणि आभार, एवढं आलं तरी दुकानदाराचा चेहरा बदलतो.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून पिशवीत एक ओढणी असू द्या. संडासात कागद टाकू नका, शेजारच्या टोपलीत टाका. तिथले सांडपाण्याचे नळ बारीक असतात. आपत्कालीन क्रमांक ११२. उन्हाळ्यात वणव्याची सूचना याच क्रमांकावरून मोबाइलवर वाजते. ती आली की सामान आवरत बसू नका, सांगितलेल्या दिशेने निघा. सिगारेट, चूल, शेकोटी यांचं नाव रानात काढू नका.

परतीची बस निघण्याच्या अर्धा तास आधी चौकात उभे राहा. कालामाताकडे जाणारी गाडी कधी वेळेआधी येते, आणि हात दाखवल्याशिवाय थांबेलच असं नाही. या वेळी डावीकडची खिडकी धरा.